साहेबांच्या डोक्यावरचा हात

साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि स्वतःचं टक्कल पुसलं. एकदा नाही, तीनदा. मागून पुढे, पुढून मागे, मग दोन्ही कानांवरून. पुसून झाल्यावर रुमाल उलगडून बघितला. काय लागलं होतं त्याला? काही नाही. डोक्याला माझा हात लागला होता, एवढंच.

थांबा, पहिल्यापासून सांगते. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की रुमालापाशी आलं की बायका हसायला लागतात. हसा. मीही हसते, रुमाल काढायची नक्कलसुद्धा करून दाखवते. पण लिहायला बसलं की तसं होत नाही. दोनदा उठले, पाणी प्यायले, परत बसले.

नव्वदीची शेवटची वर्षं. महाडच्या एमआयडीसीत एक कंपनी. अधिकाऱ्यांच्या बंगल्यांमागची भाताची खाचरं सपाट करून तिथे गोल्फ शिकायचं मैदान केलेलं. एका टोकाला चार हिरव्या चटया, समोर दीडशे पावलं गवत. ठेकेदारानं दोघी बायका लावल्या होत्या, मी आणि जानकीमावशी. विळ्यानं गवत कापायचं आणि साहेबलोकांनी उडवलेले चेंडू वेचून आणायचे. जानकीमावशी पोलादपुराकडच्या डोंगरवाडीतली. सकाळी चार म्हशींच्या धारा काढून एसटीनं यायची. मी नाते गावाच्या बाजूची, बौद्धवाडीतली. नवरा वीर स्टेशनवर रिक्षा लावायचा. तेव्हा माझं वय चोवीस.

दर शनिवारी पुण्याहून शिकवणारे यायचे. लष्करातून निवृत्त झालेले, काठीसारखे ताठ. सगळे त्यांना सर म्हणायचे. त्यांचा सगळ्यात मोठा विद्यार्थी म्हणजे कंपनीचे मोठे साहेब आणि त्या विद्यार्थ्याचा एकच रोग. चेंडूला काठी लागायच्या आधीच मान वर. चेंडू कुठे गेला ते बघायची घाई. त्यामुळे चेंडू कुठेच जायचा नाही. कधी जाळीत, कधी बंगल्याच्या कौलांवर, एकदा तर जानकीमावशीच्या डब्यात, भाकरीवर.

सरांनी उपाय काढला. साहेबांनी अर्धाच झोका घ्यायचा, कमरेपासून कमरेपर्यंत. समोर कोणीतरी उभं राहून त्यांच्या डोक्यावर तळवा ठेवायचा. डोकं हललं की तळव्याला कळतं, साहेबांनाही कळतं. पण मोठ्या साहेबांच्या डोक्यावर हात ठेवायची कुठल्या अधिकाऱ्याची छाती? सरांना स्वतः मागे उभं राहून खांदे बघायचे होते. जानकीमावशी त्या दिवशी आली नव्हती. मग राहिले मी.

"बाई, इकडे ये. साहेबांच्या समोर उभी राहा. डोक्यावर हात ठेव. दाबायचं नाही, नुसता ठेवायचा."

मी पदराला हात पुसला आणि ठेवला. पहिला चेंडू घसरत गेला. दुसराही. तिसऱ्याला डोकं माझ्या तळव्याखाली वर यायला धडपडलं आणि थांबलं. चौथा उडाला. पाचवा सरळ. अगदी सरळ. सुतारानं सूत मारावं तसा.

साहेब लहान मुलासारखे उडाले. "वा! असंच धरायचं हं दर शनिवारी. नाव काय तुझं?"

मी सांगितलं.

"आणि आडनाव?"

आपल्याकडे आडनाव हे नाव नसतं. ती चौकशी असते. मी चौकशीचं उत्तर दिलं.

साहेबांचं हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतून तेवढं गेलं. मग तो रुमाल. रुमालानं भागलं नाही म्हणून गवताला पाणी घालायच्या नळाखाली जाऊन त्यांनी डोकं धुतलं. चार अधिकारी बघत होते. नळाला पाणी नसतं तर सव गावच्या गरम कुंडात जाऊन आले असते, इतकी घाई. जाता जाता सरांना म्हणाले, "पुढच्या वेळेपासून जानकीला सांगा."

सर गवताकडे बघत होते. डोकं हलवायचं नाही, हा धडा त्यांनी स्वतःही चांगला पाळला.

माझा आजा नाते गावाहून चालत महाडच्या तळ्यावर गेलेला माणूस. त्यानं पाण्याला हात लावला. सत्तर वर्षांनी नातीनं टकलाला लावला. एवढीच काय ती प्रगती.

आता पुढचं सांगते. हे मी हसवताना सांगत नाही.

घरी आले आणि मी माझा हात हुंगला. उजवा तळवा, नाकाशी धरून. मग मोरीत बसून साबण लावला. धुतला. परत लावला. तिसऱ्यांदा लावताना सासू म्हणाली, "काय लागलंय गो हाताला?" मी म्हटलं, "काय नाय." आणि तेव्हा मला कळलं मी काय करतेय ते. त्यानं तीनदा पुसलं. मीही तीनदा धुतलं. त्याचा रुमाल माझ्या घरात शिरला होता. मला त्याच्या रुमालाची लाज वाटली नाही कधी. माझ्या त्या साबणाची वाटते. अजून वाटते.

पुढच्या शनिवारी जानकीमावशी उभी राहिली. तिनं आयुष्यभर म्हशी आवरलेल्या. डोकं धर म्हटल्यावर तिनं दोन्ही हातांनी कानांजवळ धरलं, गच्च. साहेबांना मानच हलवता येईना. तरी हलवली, तर मावशी म्हणाली, "हिक्, उभी रां!" सर तोंड फिरवून खोकले. साहेब लालबुंद.

दुपारी जेवताना मावशी तिचे हात बघत बसली. म्हणाली, "माज्या हाताला शेणाचा वास, तरी चालतो. तुज्या हाताला साबणाचा, तरी चालत नाय. ही काय रीत गो?"

मी म्हटलं, "तू सांग. रीत तुमची हाय."

मावशीनं तिच्या डब्यातली लसणाची चटणी माझ्या भाकरीवर घातली आणि माझी भाजी हात घालून घेतली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी तेही लक्षात ठेवलं आहे.

मग काठी आली. एका बांबूच्या टोकाला चिंध्यांचा गोळा बांधला आणि तो मी लांबून साहेबांच्या टकलावर टेकवायचा. घामानं गोळा घसरायचा, चेंडू जाळीत जायचा, शिवी मला पडायची. "एक काठी धरता येत नाही?" दोन महिने, दर शनिवारी. मुली विचारतात, तू का धरलीस? चूल होती म्हणून धरली. उगाच शूरपणा कशाला दाखवू?

पण डोळे मोकळे होते माझे. सर साहेबांना जे जे सांगायचे ते ते मी घेत होते. काठी कोंबडीच्या पिल्लासारखी धरायची, मरू द्यायचं नाही आणि सुटूही द्यायचं नाही. दोन्ही पाय जुळवून मारायचं, म्हणजे तोल कोणाचा खरा ते कळतं. काखेत रुमाल धरून झोका घ्यायचा, रुमाल पडला तर हात अंगापासून सुटले. चेंडूमागे गवताची काडी ठेवायची आणि ती न उडवता चेंडू उचलायचा. "मारू नका, फिरा," सर ओरडायचे. साहेब मारायचे. मला हसू यायचं, कारण आम्ही भात झोडतो तेव्हा हेच करतो. पेंढी हातात असते, पण झोडते कंबर. हातानं झोडणारी दोन घटकांत बसते.

घरामागच्या कापलेल्या खाचरात मी सुरू केलं. तोडलेल्या फांदीची एक काठी, खालून आपसूक वाकलेली. चेंडू म्हणून फाल्गुनात आंब्याखाली पडलेल्या चिमुकल्या कैऱ्या. कामावरून आल्यावर उजेड असेपर्यंत. काखेत धाकटीचं झबलं. शंभर झोके पाय जुळवून, मग शंभर पाय फाकवून. वीस पावलांवर घमेलं, चाळीसवर सूप, साठवर जुनं डबडं. झोका तोच ठेवायचा, फक्त मागे किती न्यायचा ते मापायचं. वीसला गुडघ्यापर्यंत, चाळीसला कमरेपर्यंत, साठला खांद्यापर्यंत. पहिला महिना कैऱ्या फुटायच्या. नंतर घमेल्यात आवाज यायला लागला.

स्वस्थ बसवेना. भाकरी थापताना मनगट वळायचं. विळ्यानं कापताना कंबर आपोआप फिरायची. सासू वाडीत सांगत सुटली, "सुनेला साहेबलोकांचं भूत लागलंय." नवऱ्यानं एकदा बांधावर उभं राहून बघितलं. म्हणाला, "ह्याचं करायचं काय पुढं?"

मला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की डोकं धरायला मला कोणी लागत नाही.

चैत्रात कंपनीचा वर्धापनदिन आला. मुंबईहून मालक आणि पाहुणे येणार, साहेब त्यांना सरळ चेंडू मारून दाखवणार. मंडप घातला, मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या. पाहुणे यायला अर्धा तास असताना साहेब एकटेच चटईवर सराव करत होते. एक जाळीत, दुसरा जाळीत, तिसरा मंडपाच्या कनातीत. मी बांबू घेऊन उभी. सर बाजूला. मावशी गवतात.

साहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "ती काठी ठेव. आज जरा हात ठेव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तशीच उभी राहिले.

"अगं ठेव. पाच-दहा मिनिटं. आत्ता कोणी नाहीये इथे."

कोणी नाहीये. मी होते. मावशी होती. सर होते. पण कोणी नव्हतं.

बघा हं, मला या माणसाचा राग रुमालाच्या दिवशी आला नाही तेवढा या क्षणी आला. ह्याला माझा हात कळत होता! त्या हातात काय आहे ते ह्याच्या टकलाला नीट माहीत होतं. विटाळ खोटा आहे हे ह्याला माझ्याइतकंच ठाऊक. फक्त ते चारचौघांत ठाऊक असायला नको होतं.

मी बांबू खाली ठेवला. साहेबांनी मान वाकवली, हात यायची वाट बघत. टक्कल माझ्यासमोर, पिकलेल्या पपईसारखं.

मी म्हटलं, "नाय साहेब."

"काय नाही?"

"पाहुणे आले की ठेवते. सगळ्यांसमोर. आडनाव सांगून."

मान वर आली. या वेळीही आधीच वर आली. "तुला कामावर कशाला ठेवलंय?"

"गवत कापायला."

"मग चालती हो."

होणारच होते. पण वाटेत चटई होती आणि चटईवर त्यांनी टेकवून ठेवलेली काठी होती. मी ती उचलली. पिल्लासारखी धरली. पाय जुळवले, मग थोडे फाकवले. फिरले.

वाडीत सांगते तेव्हा हा चेंडू मंडपावरून, सावित्रीवरून उडत पोलादपूरच्या एसटी स्टँडवर पडतो. कागदावर खरं लिहिते. फार उंच नाही गेला. लांबही नाही. साठेक पावलं, माझ्या डबड्याएवढाच. पण चुन्याच्या रेघेवरून गेला. सरळ.

मावशी गवतातून ओरडली, "बाय गो!"

सर पुढे आले. माझ्या हातातून काठी घेताना पुटपुटले, "डोकं अजिबात हललं नाही."

मी म्हटलं, "तुमचं हलायला हवं होतं सर. त्या दिवशी."

साहेब माझ्याकडे बघत नव्हते. ते त्या काठीच्या मुठीकडे बघत होते. मला कळलं आता रुमाल निघणार. निघाला. मी थांबून पूर्ण बघितलं, मूठ वरपासून खालपर्यंत पुसून होईपर्यंत. मग गेले.

घरी गेल्यावर हात धुतले नाहीत. तसेच भाकरी थापायला बसले.

आठ दिवसांनी ठेकेदार वाडीवर आला. "माफी माग, काम परत देतो." मी म्हटलं, "साहेबांना इथं येऊन सांगू दे, हात पाहिजे होता म्हणून." तो हसला. मी हसले नाही. काम गेलं ते गेलंच. ते वर्ष कसं काढलं ते लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर मी बाळंतीण आणि बाळाला मालिश करायचं काम शिकले, आणि दोन हजारनंतर तेच धरलं. महाड, पोलादपूर, जिथं बोलावतील तिथं. टाळू भरायची म्हणजे तेलाचा तळवा बाळाच्या डोक्यावर ठेवायचा. दाबायचं नाही, नुसता ठेवायचा. माझा तळवा ते अर्ध्या झोक्यात शिकलेला.

मध्ये पोलादपुरात एका बंगल्यावर गेले. दारातच आडनाव सांगितलं. आजीबाई जरा थबकल्या. मग गोड आवाजात म्हणाल्या, "हात चांगला आहे म्हणतात तुझा. असं कर, दुपारी ये मागच्या दारानं. तेव्हा घरात कोणी नसतं."

आत बाळ रडत होतं. माझी बोटं वळवळली, खोटं कशाला सांगू. पिशवीत तेलाची बाटली होती.

"पुढचं दार उघडं असेल तर येते," मी म्हटलं. "सकाळी. शेजारणी असताना."

दार लागलं. बाळाचं रडणं गेटपर्यंत ऐकू येत होतं. मी वळले नाही.

आडनाव आधी. हात मग. तोही चारचौघांत. हा क्रम मी मोडणार नाही, बाळासाठीसुद्धा नाही.