पुलाची पाटी शाळेपाशी

त्या पाटीची आठवण झाली की आजही जेवण गोड लागत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेच विसरूनही गेलो. पण पत्र्याच्या एका पाटीपायी घडलेलं ते प्रकरण डोक्यातून जात नाही.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी बीड जिल्ह्यात, मांजरसुंब्याच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गावोगाव एसटीडीचे बूथ झाले होते आणि रस्त्यावर नव्या कोऱ्या गाड्या दिसू लागल्या होत्या. पूल मात्र जुनेच, निजामाच्या काळातले, अरुंद. आमच्या हद्दीतल्या अशाच एका पुलाचं काम निघालं. तोवर वाहनांना खालच्या नाल्यातून कच्चा वळणरस्ता काढून दिला होता. एरवी त्या मार्गावर वेगाने जायची मुभा होती, पण काम चालेल तोवर पुलाच्या टापूत मर्यादा ताशी वीस किलोमीटर. तशी पाटी कंत्राटदाराने लोखंडी पायांवर उभी केली होती.

त्याच सुमारास जिल्ह्याला वेग मोजणारं यंत्र मिळालं. बंदुकीसारखं धरायचं, समोरून येणाऱ्या गाडीवर रोखायचं, की आकडा दिसायचा. आमच्या लोकांना त्याचं भारी कौतुक. वाहतूक शाखेचं पथक ते घेऊन बीडहून यायचं. त्यांना हुकूम एवढाच होता की वीसच्या पाटीपाशी बसा आणि कारवाई करा. यंत्राला फक्त गाडीचा वेग कळतो. मर्यादा किती आणि ती कुठून सुरू होते हे माणसाने सांगायचं असतं, आणि आमचा माणूस ते पाटी बघून सांगत होता.

हिवाळ्यातल्या एका दिवशी, पथक बीडला परतल्यावर, सिरसाळ्याहून कापसाच्या गाठी भरून निघालेला एक ट्रक त्या वळणावर भरधाव आला आणि खालून वर चढणाऱ्या प्रवासी जीपवर आदळला. जीपमधल्या सासू-सून जागीच गेल्या. आम्ही पोहोचलो तेव्हा जीपमध्ये त्यांच्या बाजाराच्या पिशव्या फुटून मेथीच्या जुड्या सगळीकडे पसरल्या होत्या. ड्रायव्हर पळाला नव्हता. रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसला होता.

पंचनामा केला तेव्हा वीसची पाटी जागेवर नव्हती. कंत्राटदाराचा मुकादम म्हणाला, "ट्रकनं उडवली साहेब, गेली नाल्यात." नाल्यात गढूळ पाणी होतं, कुणी खोलात शिरलं नाही. पथकाच्या शिपायाने फोनवर सांगितलं की पाटी होती, आम्ही तिच्यापाशीच बसतो. झालं. मेलेल्या बायकांच्या गावचे लोक ठाण्यासमोर बसले. पाटी बघूनही गाडी दामटली, तेव्हा नुसता निष्काळजीपणा नको, सदोष मनुष्यवधाचं कलम लावा, अशी त्यांची मागणी. वरूनही तसाच सूर निघू लागला. ते कलम लागलं असतं तर तो ड्रायव्हर कैक वर्षं आत सडला असता.

दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याच्या चौकात चहाला थांबलो. तिथला पंक्चरवाला माझ्या ओळखीचा. टायर ठोकता ठोकता मान वर न करता म्हणाला, "साहेब, त्या डायवरला उगं कावून अडकवता? शाळेच्या फाट्यावरच्या अप्पाला इचारा एकदा." एवढंच बोलून तो परत टायरला भिडला. गावातला माणूस पोलिसांना अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली आपण शोधायची असते.

ठाण्यात येऊन ड्रायव्हरला लॉकअपमधून बाहेर काढलं. आमचे हवालदार त्याच्यावर आधीच तापलेले.

"खरं बोल बे! पाटी दिसली न्हाई का तुला?"

"दिसली की. दिसली म्हणून तर हळू केलती गाडी. पोरं रस्ता ओलांडत होती. सगळी गेल्यावर फुडं रस्ता मोकळा होता, मंग वाढवली. पुलापाशी कायबी नव्हतं साहेब, आईची शपथ."

"थापा मारतो काय?" म्हणून हवालदार उठले. मी त्यांना खाली बसवलं. पुलाच्या आसपास वस्ती नाही. मग पोरं कुठली? पथकाच्या त्या शिपायाला पुन्हा फोन लावला आणि विचारलं, रोज बसता कुठं?

"फाट्यावर साहेब. पाटीशेजारच्या लिंबाखाली. समोर शाळा हाय."

"आणि पूल?"

"पूल फुडं असंल की साहेब."

मी फोन ठेवला. पूल तिथून चांगला दोन-तीन किलोमीटर पुढे होता. ज्या संकटासाठी मर्यादा होती ते संकट पथकातल्या कुणी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. आणि आमच्या ठाण्याची जीप रोज तिथून जाई, तिच्यातल्याही कुणाला काही खटकलं नव्हतं.

फाट्यावर गेलो. शाळा, लिंबाचं झाड, एक छोटं किराणा दुकान. पाटी नव्हती, पण रस्त्याच्या कडेला ताज्या मातीने बुजवलेले खड्डे दिसत होते. गावकऱ्यांना विचारलं तर जो तो म्हणे, "कसली पाटी? आमाला ठाव न्हाई." अख्खं गाव एका सुरात खोटं बोलतं तेव्हा त्यामागे एक तर दहशत असते, नाहीतर माया. इथे दहशत कुणाची दिसेना.

दुकानदाराला गाव अप्पा म्हणायचं. पन्नाशीचा, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, बोलायला मऊ. त्याच्याबद्दल आमच्या ठाण्यातच माहिती निघाली. आदल्या वर्षी त्याच फाट्यावर शाळेला जाणारी त्याची मुलगी ट्रकखाली गेली होती. ट्रक सापडला नाही, तपास बंद झाला. त्यानंतर शाळेपाशी वेगाची पाटी लावा म्हणून हा माणूस बीडच्या कचेऱ्यांत चपला झिजवत होता. शाळा आमच्या आराखड्यात नाही, असं त्याला सांगून वाटेला लावलं होतं.

अप्पाला ठाण्यात बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. त्याने पाण्याला हात लावला नाही. पाटीचं विचारलं की मान खाली. हवालदार म्हणाले, दोन लावतो म्हणजे बोलेल. मी नको म्हणालो. पोर गेलेल्या माणसाला मारून त्याहून जास्त काय दुखणार? मी ड्रायव्हरला आणवलं, त्याच्यासमोर बसवलं आणि म्हणालो, "काल काय केलंस ते यांना सांग."

ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "तुमच्या गावात मी गाडी हळू केलती हो. लेकरं चालली होती. एक बारकी पोरगी मधीच थांबली, तर मी गाडी उभीच केली. तुमी दुकानाच्या पायरीवर बसला होता. तुमी तरी बघितलं असंल."

अप्पाने मान वर केली. रोज शाळा सुटायच्या वेळी तो दुकानाच्या पायरीवर बसून कुठली गाडी हळू होते आणि कुठली नाही ते बघायचा, हे मला नंतर कळलं. शाळेची पोरं सोडली तर ड्रायव्हर खरं बोलतोय याचा साक्षीदार सगळ्या जगात तो एकटाच होता. आणि ती साक्ष द्यायची तर पाटी शाळेपाशी कशी आली हे सांगावं लागणार होतं.

"खरं हाय साहेब," तो म्हणाला. "यानं गाडी थांबवली. पोरीनं त्याला हात केला, मी बघितलं. पाटी मी आणली. बैलगाडीत घालून आणली. गावाला काय बोलू नका, समदे माझ्या तोंडाकडं बघून गप बसले."

"आणि पुलाचं काय?"

"पुलापाशी कुणाचं लेकरू न्हाई, एवढंच डोक्यात आलं. पाटी आणली तवा तिला कुणी इचारत नव्हतं. समदे भरारा जायचे. मंग एक दिवस तुमचं यंत्र आलं. पाटी जिथं गेली तिथं तुमी आलात. तवापासून गाड्या हळू जाया लागल्या. मला वाटलं, आता सरकारनंच मानलं." मग तो एकदम रडायला लागला. "त्या दोघी माझ्यामुळं गेल्या साहेब. पाटी मी आणली अन् मरण त्यांच्या वाट्याला आलं."

ड्रायव्हरही रडत होता. हवालदार उठून बाहेर गेले.

अपघाताची खबर लागताच अप्पाने पाटी कडब्याच्या गंजीत लपवली होती. पंचांसमक्ष ती काढली, सील केली आणि मुद्देमालात जमा केली. नाल्यात गेल्याची गोष्ट ही मुकादमाने अंगावर येऊ नये म्हणून मारलेली थाप होती. ड्रायव्हरवरचं मोठं कलम टळलं, त्याला जामीन मिळाला आणि पुढे तो सुटला. अप्पावर सरकारी फलक हलवल्याचा आणि मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा मीच नोंदवला. नाहीतर त्या सासू-सुनेच्या घरच्यांना मी काय तोंड दाखवणार होतो? पुलापाशी नवी पाटी लागली आणि पथक यंत्र घेऊन तिथे बसू लागलं. शाळेपाशी पाटी लावावी म्हणून मीही वर लिहिलं. माझ्या लिहिण्याचंही तेच झालं.

या प्रकरणाने मला शिकवलं ते ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. रस्त्यावर लोक संकटाला घाबरत नाहीत, शिपायाला घाबरतात. मग शिपाई कुठे उभा करायचा हे ठरवणं म्हणजे कुणाचं लेकरू वाचवायचं हे ठरवणं असतं, आणि ते आम्ही एका पाटीवर सोडून दिलं होतं. अप्पाने चूक केली, दोन जीव गेले, त्याला माफी नाही. पण ती पाटी पुलापाशीच राहिली असती तर शाळेच्या फाट्यावर कुणाचं लेकरू गेलं असतं, हा प्रश्न मला आजही सतावतो.

बदली होऊन जायच्या आधी एकदा त्या फाट्यावरून चाललो होतो. शाळा सुटली होती. जामिनावर सुटलेला अप्पा भर रस्त्यात हात आडवा करून उभा होता. केस पार पांढरे झाले होते. मी जीप थांबवून विचारलं, "अप्पा, हे काय? कुणी सांगितलं इथं उभं राहायला?"

"कुणी न्हाई साहेब," तो म्हणाला. "पाटी तुमच्याकडं हाय. मंग कुणीतरी उभं राहाया पायजे."

मागच्या ट्रकने हॉर्न दाबला. आम्ही बाजूला होण्याची वाट न बघता तो आम्हाला आणि अप्पाच्या आडव्या हाताला वळसा घालून निघून गेला. वेग जराही कमी केला नाही. मुलं लिंबाखाली थांबली होती, आणि अप्पाने हात तसाच ठेवला होता.