वास उडालेल्या गोळ्या

फळ संशोधन केंद्रात ती तंत्र सहायक होती, पण एवढं लांबलचक कोण म्हणणार? बागवाले तिला किडेबाई म्हणायचे, तेही तोंडावर. एकवीस वर्षं तिचं काम एकच. सफरचंदाच्या बागांत पुठ्ठ्याचे सापळे टांगायचे. आत मादी पतंगाच्या वासाची रबरी गोळी, तळाला चिकट कागद. दर आठवड्याला कागदावर अडकलेले नर मोजायचे आणि बागवाल्यांना सांगायचं, आता फवारा, नाहीतर थांबा. 'थांबा' म्हणायलाच खरी छाती लागायची. पूर्वी हंगामात बारा-बारा फवारण्या व्हायच्या. तिच्यामुळे त्या पाचावर आल्या होत्या.

घरीसुद्धा ती फळ आधी मधोमध कापून बघायची. बस दुरुस्तीच्या कारखान्यात काम करणारा तिचा नवरा पाहुण्यांना सांगायचा, "आमच्याकडे झडती घेतल्याशिवाय फळाला पोटात प्रवेश नाही."

त्या वर्षी सलग तीन आठवडे सापळे रिकामे निघाले. हवा गार होती, आणि गारठ्यात पतंग उडत नाहीत, म्हणून तिला शंका आली नाही. तिच्याकडच्या अकराही बागवाल्यांना तिने सांगून टाकलं, "थांबा."

महिन्याभराने एका बागेत तिला लिंबाएवढ्या फळाच्या कडेला भुसा दिसला. तिने फळ कापलं. गाभ्यापाशी गुलाबी अळी. दुसरं कापलं, तिसरं कापलं. सगळ्यांत तेच.

केंद्रावर येऊन तिने गोळ्यांचा डबा हातात घेतला आणि तिला सगळं आठवलं. खोलीला रंग देताना तिनेच फ्रिज रिकामा करून हा डबा खिडकीत ठेवला होता. तो दोन महिने उन्हात पडून राहिला. सापडला तेव्हा, एवढ्याने काय होतंय, म्हणत तिनेच तो परत फ्रिजात ठेवला आणि यंदा त्यातल्याच गोळ्या सापळ्यांत घातल्या. गोळ्यांचा वास कधीच उडून गेला होता. पतंग बागेत होते, फक्त सापळ्याकडे फिरकत नव्हते.

साहेब म्हणाले, "यंदा हवाच विचित्र होती. अहवालात तेवढं लिहा, विषय संपला."

"साहेब, डबा हवेने नव्हता ठेवला खिडकीत."

ती अकराही बागांत स्वतः गेली. ज्यांना सगळे 'मिशा' म्हणत, त्या बागवाल्यांनी सापळा फांदीवरून ओढून तिच्या हातात दिला. "एकवीस वर्षं तुमच्या शब्दावर फवारणीचा पंप खाली ठेवला, बाई. यापुढे नाही." गाडीपाशी येईपर्यंत तिने कसाबसा धीर धरला.

पुढच्या हंगामात दहाजणांनी तिला फाटकावरूनच परत पाठवलं. अकरावी बाग दोन जावा मिळून चालवत.

"चुकलं तर चुकलं," थोरली म्हणाली. "तुम्ही सांगायला आलात ना? औषधवाला आलाय का कधी असा?"

धाकटी मात्र हिशेबी होती. "पण नुसत्या सापळ्यावर भरवसा नको. काय बघायचं ते आम्हालाही शिकवा."

किडेबाई चपापली. इतक्या वर्षांत तिने फक्त आकडा सांगितला होता. शिकवलं कुणालाच नव्हतं.

मग तिघी भिंग घेऊन झाडाझाडाखाली फिरू लागल्या. सापळा होताच, शिवाय दर आठवड्याला शंभर फळं हाताने तपासायची. खोडाला खाचांचा पुठ्ठा गुंडाळायचा, म्हणजे अळ्या लपायला त्यात शिरतात. मग पुठ्ठा काढून जाळायचा. जहाल औषध बंद केल्यावर कोळी आणि अळ्या खाणारे किडे परतले. थोरलीला ते बघून किळस यायची, पण ती कुणाला मारू द्यायची नाही. पहिल्या वर्षी शंभरात नऊ फळं किडकी निघाली, तिसऱ्या वर्षी दोन.

मिशा हे सगळं कुंपणापलीकडून बघत होते. एक दिवस त्यांनी धाकटीला विचारलं, हे कसं करायचं. किडेबाईला विचारणं त्यांना जड जात होतं. धाकटीने शिकवलं तसा त्यांनी खोडांना पुठ्ठा बांधला. आठवड्याभराने किडेबाईच्या टेबलावरचा फोन वाजला.

"किडेबाई, एका पुठ्ठ्यात सतरा अळ्या निघाल्या. हे चांगलं की वाईट?"

"दोन्ही," ती म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी मोकळं हसली. "जाळू नका इतक्यात. मी येतेय."