तीनशे टक्क्यांची अक्षरं

मी कलबुर्गीची, माहेरी बोली कन्नड. लग्न होऊन बिदरला आले तेव्हा मराठी बोलणं कानावर पडून पडून शिकले, पण वाचायची वेळ कधी आली नाही. शाळेत हिंदी होती म्हणून अक्षरं ओळखीची होती, तेवढंच.

माझं काम इमारतींचे नकाशे काढायचं. कंपनी बेंगळुरूची, काम घरून. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर खिडक्या-दारांच्या रेषा एकात एक मिसळायच्या, म्हणून एक मोठा, भरपूर बारीक ठिपक्यांचा मॉनिटर घेतला. नवरा बिदरजवळच्याच कोळारच्या कारखान्यात. सुट्टीच्या दिवशी त्यानं तो जोडून दिला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला.

पडदा सुरू केला आणि मी चकितच झाले. रेषा केसासारख्या स्वच्छ, पण अक्षरं मोहरीएवढी. लॅपटॉपवरची विंडो माउसनं ओढून मोठ्या पडद्यावर नेली की ती आकसायची. सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार वाढवला तर नकाशांचं जुनं सॉफ्टवेअर धुरकट दिसायचं. शेवटी मी आकार शंभर टक्क्यांवरच ठेवला आणि नाक पडद्याला लावून काम करू लागले.

त्याच सुमारास माझे सासू-सासरे गावाहून, ठाणाकुशनूरहून, आमच्याकडे राहायला आले होते. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो. त्यांच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, चष्म्यानं फरक पडणार नाही. परतीच्या गाडीत अप्पा खिडकीतून बाहेर बघत बसले. विचारलं तर म्हणाले, "तुरी बऱ्या दिसायल्यात यंदा." त्यांना खरंच दिसत होत्या की नाही, कोण जाणे.

एका दुपारी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"एवढी वाकून कामून बसायलीस, माय? मान मोडंल की."

"अक्षरं बारीक आहेत, अप्पा."

"मग मोठी कर. तुझंच यंत्र हाय न्हवं?"

त्यांना खुर्ची दिली आणि म्हटलं, "बघा, तुम्हीच सांगा कधी बरं दिसतं ते." मराठी बातम्यांचं एक पान उघडलं. आधी मी सोपा उपाय केला, पडद्याचं रिझोल्यूशनच कमी केलं. अक्षरं फुगली. अप्पांनी मान तिरकी करून पाहिलं. मधलं दिसत नसल्यामुळे ते हल्ली सगळं डोळ्यांच्या कडेनं बघायचे.

"मोठं झालं गं. पण शाई फुटल्यावानी दिसायलंय."

बरोबर होतं त्यांचं. पडद्याचे ठिपके पूर्ण वापरलेच जात नव्हते. मी रिझोल्यूशन परत पूर्ण केलं आणि या वेळी फक्त स्केलिंग, म्हणजे अक्षरांचा आकार, वाढवत गेले. दीडशे. दोनशे. अडीचशे. प्रत्येक वेळी पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि अप्पा श्वास धरून बसायचे. तीनशे टक्क्यांवर अक्षरं बोटाएवढी झाली, आणि कडा मात्र चाकूनं कापल्यासारख्या.

अप्पा पुढं झुकले. ओठ हलले. मग आवाज आला.

"पावसानं... दडी मारली... शेतकरी... चिंतेत."

एवढं वाचून ते थांबले. त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"माय, दोन वर्सं झाली. मी नुसता पेपर चाळतो. वाचता येत न्हाई."

रोज सकाळी ओसरीवर पेपर उघडून बसलेले अप्पा मी कितीदा पाहिले होते. पानं उलटायचे, घडी घालायचे, कुणी विचारलं तर "काय न्हाई, तेच ते" म्हणायचे.

"सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगून काय करता? तुमी सगळी घाबरला असता. आन् तुझ्या सासूबाईनं वाचून दावायला सुरुवात केली असती, तिला कुठं येतंय वाचाया."

आम्ही दोघंही हसलो.

तेव्हापासून जेवणानंतरचा वेळ अप्पांचा झाला. नुसतं पान मोठं करून भागलं असतं, पण त्यांना वरची बटणं आणि बाणही स्वतः हाताळायचे होते, म्हणून सगळा पडदाच मोठा करायचा. मी भांडी आवरेपर्यंत ते वाचत बसत. मराठी झालं की कन्नड. लातूरचा तुरीचा भाव आणि कलबुर्गीचा भाव ताडून बघायचे आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं सांगायचे.

एकदा आकार परत लहान करायचा राहून गेला आणि मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये पडदा दाखवला. एकच मेनू अर्धा पडदा व्यापून बसला होता. आमची टीम लीडर हसली, "इतकं मोठं कशासाठी?" मी सांगितलं, सासरे वाचतात. मीटिंग संपल्यावर तिचा फोन आला. तिच्या वडिलांनाही तसंच होत होतं. कुठलं बटण, कुठली सेटिंग, सगळं विचारून घेतलं. जाता जाता तिनं माझ्या सॉफ्टवेअरच्या धुरकटपणावर तोडगाही सांगितला, आणि माझी मान सरळ झाली.

हिवाळ्यात अप्पांना तीनशेही पुरेना. साडेतीनशेवर एका ओळीत दोनच शब्द मावायचे, आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची. एके दिवशी त्यांनी माउस माझ्याकडं सरकवला.

"तू वाच."

"मला मराठी नीट वाचता येत नाही, अप्पा."

"मला दिसत न्हाई, तुला येत न्हाई. बस की हितं, मी सांगतो."

मी वाचू लागले. "चाक" वाचलं तर त्यांनी थांबवलं. "चहाचा च न्हवं. जीभ दाताला लाव. चाक." मी म्हटलं. "पुन्ना." पुन्हा म्हटलं. स्वयंपाकघरातून सासूबाईही तोच शब्द म्हणू लागल्या. कन्नडमध्ये असा च नाही, हे मी सांगून पाहिलं, पण अप्पांनी सूट दिली नाही. ळ मात्र पहिल्याच दिवशी पास झाला, तो आमच्याकडंही आहे.

आता मॉनिटर दीडशेवरच असतो. कालच्या दुपारी पाणीपुरवठ्याची एक लांबलचक बातमी मी कुठंही न अडखळता शेवटापर्यंत वाचली. अप्पांनी एकदाही टोकलं नाही. वळून पाहिलं तर डोळे मिटलेले, मान खुर्चीला टेकलेली. झोप लागली असेल म्हणून मी हळूच वाचणं थांबवलं.

"थांबलीस कामून?" ते डोळे न उघडता म्हणाले. "ऐकायलो की."