ऐंशीला थरथरणारी गाडी

नवरा गेल्यावर नागुमो फुमिएने गॅरेज विकून टाकावं, असं उओनुमाच्या खोऱ्यातल्या झाडून सगळ्यांनी तिला सुचवलं. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. बाई बोलायला फटकळ, पण गाडीचं दुखणं ओळखावं तर तिनेच, असं तिचे वैरीसुद्धा म्हणत. वैरी म्हणजे तिची नणंद, एकटीच.

एप्रिलमध्ये रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग काळे पडून खचले की आमच्याकडे सगळ्यांना एकदमच घाई होते. बर्फात चालवायचे टायर रिमसकट काढायचे आणि गोदामात झाकून ठेवलेले उन्हाळ्याचे चढवायचे. त्याच धांदलीत कुवाबारा तेइजी आपली बावीस वर्षांची पांढरी गाडी घेऊन आले. वय अठ्ठ्याहत्तर, जन्म भातशेतीत गेलेला. सोबत नागाओकाहून आलेली मुलगी, चिअकी.

"फुमिए, ऐंशीला पोचलं की स्टिअरिंग थरथरतं बघ."

"गाडी नाही, तुमचे हात थरथरतात, बाबा," चिअकी म्हणाली. "परवा निम्मं सूप टेबलावर सांडलंत. फुमिएताई, तुम्हीच सांगा यांना. पोलिसांकडे गाडी चालवायचा परवाना परत देऊन या म्हटलं की अंगावर येतात."

"सूप गरम होतं!"

"गार झालं होतं."

फुमिएला यातली गोम ठाऊक होती. तेइजींची बायको हरुए चाळीस किलोमीटरवरच्या शुश्रूषागृहात होती. मंगळवारी आणि शुक्रवारी तेइजी महामार्गाने तिच्याकडे जायचे, दुपारभर तिच्या उशाशी बसायचे. बसने जायचं तर तीनदा बदलावी लागे. थरथर गाडीची निघाली तर मंगळवार-शुक्रवार शाबूत, हातांची निघाली तर संपलं.

"काका, तुम्ही मागे बसा," फुमिए म्हणाली. "चिअकी, तू चालव."

महामार्गावर साठला काही नाही, सत्तरला किंचित. ऐंशीला काटा टेकला आणि स्टिअरिंग असं थरथरायला लागलं की चिअकीच्या मनगटावरचं घड्याळ खुळखुळलं.

"तुझं वय काय गं?" फुमिएने विचारलं.

"पंचेचाळीस."

"आणि आत्तापासून हात कापतात?"

मागे तेइजी खिडकीबाहेर बघत गालातल्या गालात हसत होते.

गॅरेजात आल्यावर फुमिएने गाडी जॅकवर चढवली. एकेक चाक वरखाली हलवून पाहिलं, कुठे ढिलं नव्हतं. टायरला फुगवटा नव्हता, रिमही वाकडी नव्हती. मग तिने पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावली आणि तिघं पुन्हा एक फेरी मारून आले. या वेळी स्टिअरिंग गप्प होतं, पण सीट हलत होती. तिचा नवरा म्हणायचा, हाताला लागलं तर पुढचं चाक, बुडाला लागलं तर मागचं. म्हणजे दोष त्या दोन चाकांबरोबरच मागे गेला होता. तिने ती उतरवली आणि रिमच्या आतल्या बाजूला बॅटरी मारली. आत नुसता लखलखाट होता.

"घरातली भांडी तरी इतकी घासता का? कोणी केलं हे?"

"मी," चिअकी म्हणाली. "उन्हाळ्याची चाकं चढवायच्या आधी साबणाने धुतली. आतून डांबराचे तुकडे चिकटले होते, ते बांबूच्या पट्टीने खरवडून काढले. दोन चाकांतच पाठ भरून आली, मग बाकीची दोन राहिली."

"डांबर नव्हतं, बाई. वजनं होती ती. चाक एका अंगाला जड असतं, म्हणून दुसऱ्या अंगाला चिकटवतात."

तिला तरी काय बोलणार? आमच्या खोऱ्यात थडगीसुद्धा दात घासायच्या ब्रशने धुतात. चिअकीचे कान लाल झाले. ती बापापुढे कमरेत वाकली. "बाबा, चुकलं माझं."

"असू दे, असू दे," तेइजी म्हणाले. त्यांना आनंद लपवता येत नव्हता. फुमिएने चाकं यंत्रावर फिरवून नवी वजनं बसवली, चाकं पुन्हा जागच्या जागी लावली, किल्ली तेइजींच्या हातात दिली आणि स्वतः शेजारी बसली. चिअकी चहा प्यायला गॅरेजातच थांबली.

ऐंशी, नव्वद, शंभर. गाडी पाण्यासारखी चालली होती. "शुक्रवारी हरुएला सांगतो," तेइजी म्हणाले. फुमिएलाही मनापासून बरं वाटलं.

परतीच्या वाटेवर, भातगिरणीपाशी, लाल दिवा लागला. गाडी थांबली. सवयीने फुमिएची नजर स्टिअरिंगवर गेली. तेइजींचा डावा हात त्यावर होता आणि थरथरत होता. अंगठा बोटावर सारखा घासत होता, जणू चिमटीत भाताचा दाणा धरलाय. त्यांनी मूठ आवळली. मूठही थरथरली. तिने पाहिलंय हे त्यांनी पाहिलं.

दिवा हिरवा झाला. मागे कोणी नव्हतं. तेइजींनी गाडी हलवली नाही.

"कधीपासून?"

"कापणीपासून." त्यांनी हात मांडीवर घेतला. "गाडी थरथरायला लागली तेव्हा मला केवढं बरं वाटलं, फुमिए. म्हटलं, गाडीच्या नावावर हातांचंही खपून जाईल."

काकांचे हात ठणठणीत आहेत, एवढं ती म्हणाली असती तर चिअकीने आज डोळे मिटून विश्वास ठेवला असता.

"काका, मला गाड्यांतलं कळतं, हातांतलं डॉक्टरला कळेल," ती म्हणाली. "पण चिअकीने विचारलं तर मी खोटं नाही बोलणार. त्यापेक्षा तुम्हीच सांगा."

तेइजींनी होकारार्थी मान डोलावली आणि सावकाश गाडी गॅरेजपर्यंत आणली.

चिअकी धावत पुढे आली. "बाबा, मी उगाच तुमच्या हातांना..."

"गाडी आता अगदी सरळ चालते," तेइजी म्हणाले. ते उतरले, गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेले आणि तिथून त्यांनी किल्ली पुढे केली. किल्ली त्यांच्या बोटांत किणकिणत होती, आणि या वेळी त्यांनी मूठ मिटली नाही.

"तू चालव," ते म्हणाले. "आणि शुक्रवारी मला तुझ्या आईकडे नेशील का?"