लाल ठसे, काळी किनार

मला साप आवडतात. आयर्लंडमधल्या डंडॉक गावातल्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरात मी हे बोलून दाखवलं आहे आणि प्रत्येक वेळी समोरच्या बाईने चहाचा कप खाली ठेवला आहे. ठेवो बापडी.

मी इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. नोकरी करायची नाही, असा पासपोर्टात शिक्का. तिसऱ्या वर्षी पेट शॉपमधून कॉर्न स्नेकचं पिल्लू आणलं. बिनविषारी, दीड वीत लांब, पेन्सिलीएवढं जाड. नारिंगी अंगावर लाल ठसे, प्रत्येक ठशाला बारीक काळी किनार. पोटाखाली मात्र काळे-पांढरे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे. मी तासन्‌तास बघत बसे आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नसे.

जुलैत सासूबाई नागपूरहून येणार होत्या. नवऱ्याने त्यांना सांगून ठेवलं होतं, "आई, आयर्लंडमध्ये साप नसतात." आणि मला म्हणाला, "ती यायच्या आत शॉपमध्ये रिटर्न कर ना."

"नाही करणार."

"मग आई म्हणेल तसं. ती नको म्हणाली तर शनिवारी मी स्वतः नेऊन देणार."

सासूबाईंनी काचेची पेटी पाहिली तेव्हा पिल्लू नेमकं कात टाकायला आलं होतं. रंग राखेसारखे, डोळ्यांवर निळसर साय. "माय वं! आंधळं हाय का हे? उपाशी मारून राहिली का तू याले?" कात टाकेपर्यंत ते असंच असतं, खातही नाही, असं मी चारदा सांगितलं. त्यांना पटलं नाही.

नागपंचमीच्या सकाळी आंघोळ करून आले तर पेटीचं झाकण उघडं, आत दुधाची वाटी आणि सासूबाईंच्या चिमटीत हळदकुंकू. मी त्यांचा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"आई, साप दूध पीत नाही. आणि त्याच्या अंगावर काही टाकायचं नाही."

"देव हाय तो, बाई."

"असेल. पण या देशात माझ्या जिवावर जगणारा तो एकटाच आहे." माझा आवाज चढला होता. चढू दे. नवरा धावत आला. मी वाटी बाहेर काढली, कोपऱ्यातली झाडाची साल उचलली. खाली सुकलेली कात पडली होती आणि शेजारी पिल्लू, नवं कोरं.

सासूबाई वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "इतकी बारीक किनार," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

दरवर्षी त्या पाटावर गंधाचा नाग काढतात. त्या दिवशी त्यांनी माझी काजळाची पेन्सिल मागून घेतली. गंधात हळदकुंकू कालवून नागाचं अंग नारिंगी रंगवलं, वर कुंकवाचे ठसे काढले आणि दर ठशाला पेटीकडे मान वळवत काळी किनार ओढली.

"आई, मग शनिवारी देऊन टाकू ना?" नवऱ्याने विचारलं.

त्यांनी पाटावरून मान वर केली नाही. "मले काय विचारतं? तिचं हाय ते. तिले विचार."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणाले.