पंजाबरावांचा हातक्लच

फुलांनी भरलेल्या बैलगाडीचं चाक पायावरून गेलं आणि पंजाबरावांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचा फुलांचा धंदा होता, पातूरच्या वाटेवर मळा. गाडीत कोणीतरी चढवावं, कोणीतरी उतरवावं, हे त्यांच्या स्वभावाला मानवेना. एका वकिलाच्या आवारात दुसऱ्या महायुद्धाआधीची उघडी मोटार पडून होती. ती त्यांनी घेतली आणि डाव्या पायाचा क्लच हातानं दाबता यावा म्हणून दांडा बसवायला जानराव मिस्त्रीला सांगितलं.

जानराव म्हणाला, "पत्रा कापला त सोपं जाईन. पन उद्या इकाले काढली त कोनी हात लावनार नाही."

पंजाबराव धंदेवाले. पत्र्याला त्यांनी एक छिद्र पाडू दिलं नाही. जे बसेल ते नटबोल्टानं, आणि काढलेला भाग न् भाग ग्रीस लावून गोणपाटात बांधून ठेवला. त्यापायी दांडा अडचणीच्या जागी आला. उजव्या हातानं तो ओढायचा, डाव्यानं गिअर टाकायचा, तेवढा वेळ स्टेअरिंग छातीनं धरायचं. तेही ते शिकले. मळ्यातून झेंडूची पोती स्वतः आणू लागले. लंगडे पंजाबराव म्हणणारे लोक मोटारवाले पंजाबराव म्हणू लागले.

चौसष्ट साली अमरावतीच्या एका कंत्राटदाराला अशी मोटार हवी होती, पण मुळात होती तशी, फेरफार न झालेली. पंजाबरावांचा मुलगा देवीदास यानं परस्पर होकार दिला. बाप डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात असताना त्यानं जानरावला बोलावलं. पत्रा शाबूत, जुने भाग शाबूत. काम चटकन उरकलं.

घरी परतल्यावर पंजाबराव आधी मोटारीत जाऊन बसले. उजवा हात दांड्याकडे गेला आणि हवेतच राहिला.

देवीदास दारातून म्हणाला, "तुमीच त सारं जपून ठेवलं होतं, इकाची येळ आली त कामी येईन म्हनून."

पंजाबरावांनी हात मागे घेतला.

कंत्राटदार यायच्या दिवशी देवीदासनं बापाला बजावलं, की दांड्याची गोष्ट काढून सौदा मोडला तर उद्यापासून जेवण शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे मागा. कंत्राटदारानं मोटार खालून-वरून तपासली आणि म्हाताऱ्याला विचारलं, की ही चालवत कोण होतं.

"मले काय चालवता येते," पंजाबराव म्हणाले, आणि त्यांनी धोतर वर करून तुटका पाय दाखवला.

कंत्राटदार ओशाळला. सून शकुन तोंडाला पदर लावून हसली. मोटार त्याच दिवशी गेली.

पुढे देवीदास त्यांना पोत्यांबरोबर बैलगाडीत टाकून मळ्यात न्यायचा. एकदा परतताना विसरून आला. ते अंधार पडेपर्यंत बांधावर बसून होते. त्यानंतर त्यांनी मळा सोडला आणि ओसरी धरली. धाकट्या नातवंडांना ते आपण मोटार चालवायचो ते सांगत. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं देवीदासनं पोरांना सांगून ठेवलं होतं. पोरं त्यांना पुन्हा पुन्हा तीच गोष्ट सांगायला लावत, स्टेअरिंग छातीनं कसं धरायचं ते करून दाखवायला लावत, आणि शेजारची पोरं बोलावून आणत.