म्हसोबाची सात बटणं

पुरुषांनी चिनीमातीचे दागिने घालावेत, असं माझं ठाम मत आहे. अख्ख्या अकोले तालुक्यात या मताचा मी एकटाच. राजूरजवळच्या आमच्या गावात मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात शेळ्यांच्या रिकाम्या गोठ्यात विजेच्या भट्टीवर बटणं, कफलिंक, कोटावरच्या पिना भाजतो. आईचं यावर एकच म्हणणं, "बाप्या मानसानं अंगावर कपबशी घालायची व्हय रं?"

अखेर पहिलं गिऱ्हाईक मिळालं! नगरचा एक नवरदेव. (स्वतःच्या देखणेपणाबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.) "सर, शेरवानीला सात बटणं करा. प्रत्येकावर एक डोळा. म्हणजे मला नजर लागायची नाही."

मी जीव ओतला. पांढऱ्यावर निळं बुबुळ, मधे काळी बाहुली, कडेला लाल शिरासुद्धा काढल्या! (त्या कुणी मागितल्या नव्हत्या.) तिथंच चुकलं. भट्टीतून निघाल्यापासून ते डोळे बघायलाच लागले. फळीवरच्या डब्यातून ते मी चहा पिताना बघायचे, दाढी करताना बघायचे.

"अहो, ते हलतायत," माझी बायको सुनंदा म्हणाली.

"अगं, चकाकी आहे ती."

"मग तुम्ही पाठ करून का जेवताय?"

शेवटी तिनं सातही डोळे पालथे घातले. संध्याकाळी शाळेतून आलो तर सातही उताणे! पुन्हा पालथे घातले. सकाळी पुन्हा उताणे, टक लावून! मी म्हणालो, तू केलंस. ती म्हणाली, तुम्ही केलंत. आईला विचारायचा प्रश्नच नव्हता. नेत्रशिबिरात तिच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू नुकताच काढला होता. काळा चष्मा लावून ती भिंत धरून चालत होती. तिला काय दिसतंय!

आणि नवरदेवाच्या हळदीच्या दिवशी सकाळी डबा रिकामा.

"गेले..." सुनंदा पुटपुटली. "चालत गेले."

"डोळ्यांना पाय असतात का?" मी खेकसलो आणि खाटेखाली दोनदा बघून आलो.

तेवढ्यात नवरदेवाचा फोन. "सर, दुपारी गाडी पाठवतो. सगळ्या मित्रांना सांगून ठेवलंय!"

"पाठवा की," मी म्हणालो. आवाज माझा नव्हता.

पहिलं गिऱ्हाईक, आणि तेही हातचं जाणार! वर्गात अंधश्रद्धेवर पोस्टरं काढून घेणारा मी, गुपचूप नारळ घेऊन बांधावरच्या म्हसोबाकडे निघालो. धुकं असं दाटलेलं, की स्वतःच्या चपला दिसेनात. एकही पाखरू ओरडत नव्हतं. चाचपडत पोचलो, नारळ ठेवायला वाकलो आणि म्हसोबानं माझ्याकडे पाहिलं.

सात डोळ्यांनी!

नारळ माझ्या पायावर पडला. शेंदरातून सात निळी बुबुळं रोखलेली, कडेला लाल शिरा! देवा, चुकलो, म्हणत मी डोळे मिटले. मग हळूच एक उघडला. शिरा ओळखीच्या वाटल्या. अरे, ही तर माझी बटणं! मेणानं चिकटवलेलं पहिलं बटण मी नखानं उचकटायला घेतलं, तोच धुक्यातून एक अनोळखी आवाज आला.

"कोन हाय रं? देवाचं डोळं काढतोय का काय?"

मी वळलो. धुक्यातून एकीमागून एक सात म्हाताऱ्या येत होत्या. सातही जणींना सारखेच काळे चष्मे! मी ओरडलो, ते म्हणे खालच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं.

"आरं, म्या हाय!" पुढची म्हातारी म्हणाली. ती आमची आई होती. "शिबिरात आमच्या साती जनींचा येकेक डोळा झाला. म्हसोबाला परत्येकीनं येकेक डोळ्याचा नवस बोलला हुता. तू न सांगता सात भाजलेस, मला कळलं न्हाई व्हय? रोज उताणं करून चाचपून बगत हुते म्या! पहाटंच हितं चिकटवलं, आता समद्या निवद घिऊन आलो. शिरा बी काडल्यात म्हनं. गुनाचं लेकरू माजं!"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं माझा गाल धरला.

"आन् तू मला लांबनं दिसलास रं. धुक्यातनं! ह्यांना म्हनलं, त्यो वाकलाय ना, त्यो माझा पोरगा."

शेंदरानं माखलेली बोटं मी पाठीमागे लपवली. "व्हय आई, तुमच्यासाठीच केले," मी म्हणालो, आणि अर्धवट निघालेला डोळा अंगठ्यानं पुन्हा घट्ट दाबला.

दुपारी गाडी आली. न रंगवलेली सात पांढरी बटणं होती, ती डब्यात घालून पाठवली. संध्याकाळी फोन आला.

"सर, डोळे कुठायत?"

"मिटलेत," मी म्हणालो.

त्यानं फोन ठेवला. आजतागायत पुन्हा केलेला नाही.

आता पुढच्या शिबिरातल्या बायका आईकडे डोळ्यांसाठी आधीच नावं देऊन गेल्यात. माझे दागिने अंगावर मिरवणारा तालुक्यात एक तरी पुरुष आहे, हे मी अभिमानानं सांगतो. पण शाळेत जाताना त्याच्यासमोरून मान खाली घालून जातो. घाईत दाबलेला तो डोळा वाकडा बसलाय, आणि माझं एकुलतं एक पुरुष गिऱ्हाईक रोज माझ्याकडे तिरळं बघतं!